हिरामणने उघडून दिलेली डिकी

बोर्ली पंचतनहून दिघीकडे जाताना डाव्या हाताला हिरामणचं डेंटिंगचं दुकान लागतं. दुकान म्हणजे पत्र्याची शेड आणि पुढे फणसाखाली तीन गाड्या मावतील एवढी जागा. माणूस उरणकडचा, आगरी. बापाने मिठागरात उभं आयुष्य काढलं. हिरामण मात्र मिसरूड फुटायच्या आत न्हावा शेव्याच्या ट्रेलरांचे चेपलेले पत्रे ठोकायला लागला. त्याचा हात असा बसला होता की त्याने सरळ केलेल्या पत्र्यावरून बोट फिरवलं तरी मार कुठे बसला होता ते कळू नये. पुढे तो पनवेलकडच्या एका जुन्या गाड्यांच्या यार्डात लागला, आणि चार वर्षांपूर्वी ते काम एकाएकी सोडून बायकोच्या, केसरच्या माहेरी बोर्लीला आला. का सोडलं असं कुणी विचारलं तर म्हणायचा, "तिकडची हवा मानवली न्हाय."

गेल्या डिसेंबरात एका सकाळी श्रीवर्धनचा स्वप्निल आपली सात सीटची गाडी घेऊन त्याच्याकडे आला. गाडी त्याने सहा महिन्यांपूर्वी जुनी घेतली होती. बरोबर आई भागुबाई आणि सात वर्षांची मुलगी आरोही. दुसऱ्या दिवशी अलिबागला भागुबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. दिघीला गाडी फेरीबोटीवर चढवायची, पलीकडे आगरदांड्याला उतरायचं आणि पुढे जायचं, असा बेत होता.

"डिकी छळतेय हो," स्वप्निल म्हणाला. "बटण दाबलं की अर्धी वर जाते आणि आपोआप खाली येते. बंद असली तरी समोर लाल दिवा लागतो, उघडी आहे म्हणून. घेतल्यापासून एकदासुद्धा पूर्ण उघडली नाही. सगळं सामान मागच्या सीटवरून टाकतो."

"मागं पाणी येतंय काय?"

"पावसात कार्पेट ओलं व्हायचं. वास अजून आहे. पण ते नंतर बघू. बाराची बोट गाठायचीय. तेवढी डिकी उघडून द्या."

हिरामणने छताच्या मागच्या कडेचं अस्तर थोडं खाली ओढलं. डिकीकडे जाणाऱ्या वायरी रबराच्या नळीतून गेल्या होत्या आणि वाकून वाकून त्यातल्या दोन तुटल्या होत्या. नेहमीचंच दुखणं. त्याने वायरी जोडल्या, गंजलेलं लॉक साफ करून तेल दिलं. बटण दाबलं. डिकी दमदार आवाज करत वर गेली, पूर्ण वर, आणि तशीच खाली येऊन चपखल बसली. आरोहीने टाळ्या वाजवल्या. पंधरा मिनिटांत गाडी रस्त्याला लागली.

मग हिरामण झाडू घेऊन जागा साफ करायला लागला. गाडी उभी होती तिथे तांबडी भुकटी सांडली होती. त्यात पत्र्याचे खड्डे भरायच्या पुट्टीचा करंगळीएवढा तुकडा होता. अस्तर ओढताना निसटून पडला असावा. त्याने तो सहज उचलून उलटा केला आणि तिथेच उकिडवा बसला.

पुट्टीच्या पाठीला हिरवी जाळी चिकटली होती. खिडकीला डासांसाठी लावतात ती.

भोकाला जाळी लावून वर पुट्टी भरणारे डेंटर पुष्कळ. पण त्यासाठी वेगळी जाळी मिळते. यार्डातली ती एकदा संपली होती तेव्हा हिरामणने ऑफिसच्या खिडकीची हिरवी जाळी कापली होती आणि नंतर तीच सवय पडली होती. दुसरं कुणी असं करताना त्याने पाहिलं नव्हतं.

मग त्याला गाडीही आठवली. तेव्हा ती पांढरी नव्हती, राखाडी होती. मागून ट्रकने ठोकलेली. डिकीची उजवी बिजागरी जिथे बसते तो छताचा पत्रा फाटला होता. तो कापून नवा घालायला हवा होता. यार्डाचा शेठ म्हणाला होता, "बाहेरून दिसतंय का? मग झालं." आणि हिरामणने जाळी लावून, पुट्टी भरून, घासून वर रंग मारला होता.

"काय झालं?" केसर दारातून म्हणाली.

"ती गाडी माझ्याच हातची हाय."

बोलता बोलताच पुढचंही त्याच्या लक्षात आलं. तुटक्या वायरींमुळे डिकी कधी पूर्ण उघडतच नव्हती. म्हणून इतके दिवस त्या कुजक्या जागेवर पूर्ण जोर आला नव्हता. आज त्याने तो जोर परत जोडून दिला होता.

त्याने स्वप्निलला फोन लावला. लागेना. परत लावला. दिघीच्या बाजूला रेंजची बोंबच. साडेअकरा होऊन गेले होते. त्याने मोटरसायकलला किक मारली.

वाटेत पुढे एक एसटी लागली. अरुंद वळणावर तिच्या मागे राहावं लागलं. हिरामण हॉर्न वाजवत राहिला. ड्रायव्हरने हात बाहेर काढून शिवी दिली असावी. त्याच्या डोळ्यांपुढे फक्त ती लहान मुलगी टाळ्या वाजवत होती. धक्क्याच्या उतारावर आला तेव्हा बोटीवर शेवटची गाडी चढत होती. ती पांढरीच होती, धक्क्याकडे पाठ केलेली.

त्याने मोटरसायकल आडवी टाकली आणि धावला. धक्क्यावरचा माणूस ओरडला, "ए, तिकीट!"

बोटीवर स्वप्निल गाडीतून उतरून भागुबाईंना आधार देत होता. त्या म्हणत होत्या, "अरे, डोळ्यात घालायचं औषध मागच्या पिशवीत राहिलं बघ." स्वप्निलने खिशातून चावी काढली. आरोही आधीच डिकीपाशी जाऊन उभी होती.

"स्वप्निल! उघडू नको!"

इंजिनाच्या आवाजात त्याला ते ऐकू गेलं नाही. त्याने चावीवरचं बटण दाबलं आणि डिकी वर जायला लागली. अर्धी झाली, आणखी वर गेली. हिरामण बोटीवर चढायच्या फळीवरून आत शिरला तेव्हा पूर्ण उघडली होती आणि आरोही तिच्याखाली वाकून पिशवी ओढत होती.

कट् असा आवाज झाला. कपाट सरकवताना होतो तसा, मोठा नाही. उजवी बिजागरी पुट्टीसकट उपटून आली. डिकी तिरकी झाली, ती उचलून धरणारा मोटरचा दांडा सुटला आणि काचेसकट सगळं वजन खाली आलं. हिरामणने डाव्या हाताने पोरीला कमरेत धरून बाहेर फेकलं आणि उजवा खांदा मध्ये घातला.

काच फुटली. तो गुडघ्यांवर बसला. खांद्याचं हाड मोडल्याचं त्याला स्वतःला आतून ऐकू आलं. आरोहीचा गुडघा खरचटला होता, ती रडत होती. बाकी काही नाही. लोकांनी डिकी उचलून धरली तेव्हा कुठे स्वप्निल भानावर आला. त्याने हिरामणचा हात धरला.

"दादा, तुम्ही नसता तर... देव होऊन आलात."

हिरामणला ते सोसलं नाही. शर्टावर रक्त येत होतं. त्याने खिशातून पुट्टीचा तुकडा काढून स्वप्निलच्या तळहातावर ठेवला.

"देव न्हाय. ही पुट्टी मी भरलीय. पनवेलला, पाच वर्षांमागं. हितं पत्रा नव्हताच. मला ठाऊक होतं."

स्वप्निलने तुकडा उलटून बघितला. मग त्याने तो इतक्या जोरात फेकला की पलीकडच्या गाडीच्या दारावर आपटला. "ठाऊक होतं? मग सकाळी काय बघत होता?"

"सकाळी बघितलं न्हाय. ओल हाय म्हणालास तवाच बघायला पाहिजे होतं."

स्वप्निलचा हात उगारला गेला. भागुबाईंना नीट दिसत नव्हतं, तरी त्यांनी तो अचूक मनगटात पकडला. "आधी त्याला दवाखान्यात ने," त्या म्हणाल्या. "मारायचं ते मग मार."

ऑपरेशन आठवडाभर पुढे गेलं. तुटकी डिकी दोरीने बांधून गाडी हिरामणच्या शेडमध्ये आणली. दीड महिना हात गळ्यात होता. तो सुटल्यावर त्याने छताची मागची पूर्ण पट्टी कापली, नवा पत्रा वेल्डिंग करून बसवला आणि रंग मारायच्या आधी स्वप्निलला बोलावून उघडं काम दाखवलं. स्वप्निलने डिकी वीस वेळा उघडली, मिटली. गाडी घेऊन गेला आणि परत कधी आला नाही. भागुबाई मात्र मार्चात नातीला घेऊन एसटीने आल्या, चष्मा लावून, हिरामणचा खांदा बघायला. तो हात आता खांद्याच्या वर जात नाही.

यार्डात अशा किती गाड्या आपल्या हाताखालून गेल्या याची आठवण हिरामण अजून करतो. अकरा त्याला नक्की आठवतात. दोन सापडल्या. एकीच्या मालकाने त्याला पत्रा उघडून दुरुस्त करू दिला. दुसरी मुरूडला एका हॉटेलवाल्याकडे आहे. त्याने हिरामणचं सगळं शांतपणे ऐकलं, म्हणाला, गाडी झकास चालतेय, आणि आत निघून गेला. हिरामण त्यानंतर तिथे तीनदा जाऊन आला आहे.