अठ्ठावीसला कापलेला जावई

देवपुरातल्या योगेंद्रला अख्खं धुळं मागे सरकणारा फोटोग्राफर म्हणून ओळखतं. जवानीपासून तो लग्नांत उलटा चालत आला आहे. पुढे नवरा-नवरी आणि मागे जे नशिबात असेल ते. कधी पाण्याचा ड्रम, कधी बॅन्डवाल्याचा ढोल. एकदा वरणाचं पातेलं होतं, त्याला त्याची पाठ टेकली. तो ओरडला नाही, कारण समोर नवरी त्या दिवसात पहिल्यांदाच हसली होती. हसू मिळालं, पाठीवर डागही मिळाला, आणि दोन्ही अजून जपून ठेवलेत.

याला कारण त्याची जुनी लेन्स. ती पन्नास एमएमची होती, न हलणारी. माणूस जवळ आणायचा तर आपण जवळ जायचं, सगळे मावायला हवेत तर आपण मागे जायचं. बायको दिपमाला घरातल्या कॉम्प्युटरवर अल्बम लावते. ती म्हणायची, "तुम्हाला नवी लेन्स नको, पाठीमागे एक डोळा पाहिजे."

गेल्या वर्षी त्यानं मिररलेस कॅमेरा घेतला. जुना कॅमेरा लेन्ससकट धुळ्यातल्याच तौसिफ नावाच्या फोटोग्राफर मित्राला देऊन टाकला. नवा कॅमेरा हलका होता, दिसायला चांगला होता आणि त्याच्या तोंडाशी काहीच नव्हतं. झाकण काढलं की आत एक चौकोनी, ओलसर वाटणारा अंधार दिसायचा. योगेंद्र रोज झाकण काढायचा, त्या अंधाराकडे बघायचा आणि पुन्हा लावायचा. स्टँडर्ड झूम घ्यायची एवढं ठरलं होतं, म्हणजे एका जागी उभं राहून रुंदही घेता येईल आणि जवळचंही. पण कोणती? अशा लेन्सा पुष्कळ होत्या, आणि प्रत्येकीबद्दल मोबाइलवर कोणी ना कोणी शपथेवर बोलत होतं. तो ऐकायचा आणि जो शेवटी बोलला त्याचं त्याला पटायचं.

तेवढ्यात थोरला भाऊ प्रेमराज याची मुलगी हेमांगी हिचं लग्न आलं. लेन्स ठरलेली नव्हती, म्हणून तौसिफकडची अठ्ठावीस ते पंचाहत्तर मागून आणली.

लग्न प्रेमराजच्या दारातच, गल्लीत मांडव घालून झालं. अक्षता पडल्या, जावयांना टॉवेल-टोपी देऊन झाली आणि भाऊबंद, सोयरे असा सगळा गोतावळा फोटोला उभा राहिला. योगेंद्र सवयीनं मागे सरकला आणि त्याची पाठ समोरच्या घराच्या भिंतीला लागली. आयुष्यात पहिल्यांदाच मागे जायला जागा उरली नाही. लेन्स अठ्ठावीसवर, तिच्या सगळ्यात रुंद आकड्यावर, आणून ठेवलेली, त्यापलीकडे तीही जात नव्हती. तो ओरडला, "सरका, आत सरका, दाटीनं उभे राहा!" लोक सरकले. त्याला वाटलं, आले सगळे. त्यानं बटण दाबलं.

सगळे आले नव्हते. उजव्या कडेला तोतारामनाना होते. योगेंद्रची थोरली बहीण कुंदाबाई, तिचे हे मालक, यावलला केळीच्या बागा राखून असलेले, घरातले सगळ्यात थोरले जावई. फोटोत त्यांचा एक कान आला होता, आणि खांद्यावरच्या नव्या टॉवेलाचं टोक.

अल्बम यावलला गेला आणि तिकडून फोन आला.

"मले कापलं तुनं," नाना म्हणाले.

"नाही हो नाना, ती अठ्ठावीसची लेन्स, कडेला जरा..."

"अरे, कान तेवढा ठेवला."

"कान तरी आला ना, नाना."

"कानाले कोणी राम राम करते का?"

नानांनी फोन ठेवला तो ठेवलाच. पुढे प्रेमराजच्या मुलाचं लग्न वैशाखात ठरलं आणि यावलचा निरोप आला: आम्ही काही येत नाही, तुमचा फोटो आमच्याशिवाय भरतो.

मग कुंदाअक्काचा फोन आला. माहेरच्यांशी बोलताना तिची धुळ्याकडची बोली अजून सुटलेली नाही.

"भाऊ, तुना एक फोटोपायी मी माहेर सोडू का रे?"

"अक्का, तू तरी ये."

"येसू ना! माले कोन अडावस? पण मंग घर जाईसन कोनं तोंड देखू?"

घरी गेल्यावर नानांचं फुगलेलं तोंड आपल्यालाच बघायचंय, असं म्हणून ती हसली, पण हसू अर्ध्यावर राहिलं, हे योगेंद्रला ऐकू आलं. पुतण्याच्या हळदीला त्याची फुई, म्हणजे आत्याच नाही, हे त्याच्यानं नजरेसमोर आणवेना. त्याला तर सगळं आयुष्य नजरेसमोर चौकटीतच दिसायचं, आणि त्या चौकटीत अक्काच्या आकाराची एक पांढरी जागा दिसायला लागली.

दिपमाला म्हणाली, "लेन्स घ्यायचीच आहे ना? मग त्यांनाच घेऊन जा दुकानात. म्हणा, नाना, तुमच्या पसंतीनं घ्यायची."

"त्यांना लेन्समधलं काय कळतं?"

"तुम्हाला वर्षभर बघून काय कळलं?"

अक्काकरवी नानांना तसा निरोप गेला. दुकान जळगावात नवी पेठेत, इसाकभाईचं. योगेंद्र धुळ्याहून पोचला तेव्हा यावलच्या बसनं आलेले नाना आधीच दुकानासमोर उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पांढरी टोपी, कपाळाला गंध. मुलगी बघायला निघाल्यासारखे. आत मात्र गेले नव्हते. योगेंद्र "चला नाना" म्हणाला, इसाकभाईनं "आइए, आइए" केलं, योगेंद्रनं हात धरला, तेव्हा कुठे पायरी चढले.

इसाकभाईनं काउंटरवर मऊ फडकं अंथरलं आणि तीन लेन्सा मांडल्या.

"ही चोवीस ते सत्तर. हिचं तोंड मोठं उघडतं, अंधारा हॉल असला तरी काम करेल. वजन मात्र आहे."

नानांनी ती उचलून तळहातावर तोलली. "माल भरेल हाये."

"संध्याकाळपर्यंत गळ्यात घाला, मग सांगा," योगेंद्र मान चोळत म्हणाला.

"ही अठ्ठावीस ते पंचाहत्तर. हलकी, मस्त..."

नानांनी हात मागे घेतला. "हाच तो!"

"नाना, तो नाही. तो तौसिफचा होता. हा त्याचा भाऊ."

"भाऊ असो का कोणी असो. रक्त एकच."

इसाकभाईनं ती गुपचूप फडक्याखाली सरकवली. "मग ही चोवीस ते एकशे पाच. रुंद पण, लांबचं पण. उजेड जरा कमी घेते."

"आधी मी येतो का त्याच्यात, ते पाह्य," नाना म्हणाले.

आता दुकान अरुंद, आणि गोतावळा यावलला आणि धुळ्याला. पण नाना हटेनात. शेवटी इसाकभाईनं कोपऱ्यातले ट्रायपॉड आणून भिंतीशी ओळीनं उभे केले. एकाचे पाय आखूड होते, तो प्रेमराज ठरला. एक नवाकोरा, प्लॅस्टिक न काढलेला होता, तो हेमांगीचा नवरा हिलाल. छत्रीसारखा एक फ्लॅशचा स्टँड होता. नाना म्हणाले, "ही आमची सासू." इसाकभाईला हसू आवरेना, आणि नाना मात्र गंभीरपणे त्या तीनपायी नातेवाइकांच्या अगदी शेवटी, उजव्या टोकाला जाऊन उभे राहिले.

पहिल्यांदा फडक्याखालची अठ्ठावीस लावून बघितली. पडद्यावर नानांची एक बाही आली.

"पाह्य! मी काय सांगत होतो!"

मग चोवीसची लावली. योगेंद्र हसला, "आलात नाना, पुरे आलात!" नानांनी येऊन पडद्यात पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हा कोण हाये?"

"तुम्हीच."

"मी असा हाये?"

पडद्यावरचे नाना आडवे पसरले होते. गाल कडेकडे ओघळले होते, आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत जायला रिक्षा करावी लागली असती. प्रेमराज, हिलाल आणि सासू मात्र मधे सरळ उभे होते.

"काच रुंद झाली की कडेचा माणूस ताणला जातो," इसाकभाई म्हणाला. "तिसरीतही थोडं तसंच होणार. दोष लेन्सचा नाही, जागेचा आहे."

नाना स्टुलावर बसले. त्यांनी पडद्यातल्या त्या रुंद माणसाच्या गालावर बोट ठेवलं. "म्हणजे कडेले उभं राह्यलं का एक तं कटते, नाही तं फुगते."

"होय."

"आन मधातले?"

"मधले जसेच्या तसे."

"मग तुम्ही मधे का उभे राहत नाही, नाना?" योगेंद्रनं विचारलं. त्यानं सहज विचारलं होतं.

"मधात कसा जाऊ?" नाना म्हणाले. "तुम्ही म्हणता, चला फोटो. बठ्ठे पळतात. पोरं पळतात, बाया पळतात. जावयानं पळावं? बलावलं पाहिजे. मी खुर्चीवर बसून राह्यतो. आता बलावतीन, मंग बलावतीन. तवरीक मधात जागा राह्यते का?"

"बोलावलं होतं की तुम्हाला."

"बलावलं. कसं बलावलं? माईकवरून. 'कोणी राहिलं असेल तर या.'"

इसाकभाई दुसरीकडे बघायला लागला. माईक त्या दिवशी योगेंद्रच्याच हातात होता.

त्यानं तिसरी लेन्स लावली. डोळा लावून तो ओळीतून फिरला आणि हाताला सवय नसल्यानं झूमची रिंग पार एकशे पाचपर्यंत गेली. ट्रायपॉड निघून गेले, दुकान निघून गेलं, आणि चौकटीत फक्त नाना उरले. ते स्टुलावरून त्या ओळीकडे बघत होते. पितळेच्या घागरीसारखा रंग, कपाळावर दोन आठ्या, आणि डोळ्यांत असं काहीतरी की आत्ता त्यातला एखादा ट्रायपॉड वळून "या नाना" म्हणेल. योगेंद्र एक पाऊलही पुढे गेला नव्हता. त्यानं बटण दाबलं.

नानांनी तो फोटो पाहिला. टोपी काढली, केस सारखे केले, पुन्हा घातली. जणू फोटोतल्या माणसाला तसं करता येत नाही म्हणून त्याच्या वतीनं.

"हे घे," ते म्हणाले. "जड नाही, कापत नाही. फुगवते तं फुगवू दे, मी काय आता कडेले राह्यतो का!"

"अंधाऱ्या हॉलमध्ये जरा त्रास होईल," इसाकभाईनं सांगून ठेवलं.

"लगीन दिवसा हाये," नाना म्हणाले, आणि वरात त्यांचीच असल्यासारखे दुकानातून बाहेर पडले. त्यांनी येण्याचं कबूल केलं हे त्यांच्या मागून चालणाऱ्या योगेंद्रला पार बसस्टँडवर कळलं.

वैशाखातलं ऊन मांडवाच्या कापडातून गळून लाल होऊन पडत होतं. अक्का दोन दिवस आधीच आली होती आणि आल्यापासून एकदाही बसली नव्हती. फोटोची वेळ झाली तेव्हा योगेंद्रनं माईक बाजूला ठेवला. तो खुर्च्यांच्या ओळीतून चालत गेला, नानांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "नाना, तुमच्याशिवाय सुरुवात होत नाही. चला."

नाना उठले. स्टेजवर अजून फक्त नवरा-नवरी होते, नाना त्यांच्या मागे बरोबर मधोमध जाऊन उभे राहिले. आणि मग त्यांनी जी सूत्रं हातात घेतली! "प्रेमराज, इकडे. हिलाल, तू नवा हायेस, मांघं. ए बाई, पोरगं खाली घे, त्याच्या पायाचा फोटो काढायचा नाही." लोक केळीच्या घडासारखे एकमेकांना चिकटले. योगेंद्रनं पाहिलं तर लेन्स पस्तीसवरच होती आणि सगळे मावत होते.

"हला नका. एक, दोन..."

"थांब," नाना म्हणाले.

सगळ्यांनी मान वळवली. मधून सगळं दिसतं. नानांना मांडवाच्या पार टोकाला, वरणाबरोबर खायच्या कणकेच्या बट्ट्यांच्या परातीपाशी, पाठमोरी कुंदाबाई दिसली होती.

"अहो, कुंदाबाई! या ना!"

तिनं वळून न बघता हात हलवला. तुमचं चालू द्या.

"काढून घे रे," प्रेमराज म्हणाला. "ती नंतर येईल."

नाना खाली उतरायला लागले.

"नाना, जागा जाईल!"

पायरीवर ते थांबले. एकदा त्यांनी मागे त्या जागेकडे पाहिलं. मग सरळ मांडव ओलांडून बट्ट्यांपाशी गेले. योगेंद्रनं रिंग फिरवली आणि एवढ्या लांबून दोघांचं भांडण जवळ आणलं. अक्का पिठाचे हात दाखवत होती. नाना खांद्यावरचा नवा टॉवेल पुढे करत होते. ती नको म्हणत होती, तो नवा आहे म्हणत होती असणार. शेवटी तिनं त्यातच हात पुसले.

दोघं आली तोवर मधे हिलाल सरकून उभा होता आणि आभाळाकडे बघत होता. योगेंद्र म्हणाला, "हिलालराव, जरा..."

"राहू दे त्याले," नाना म्हणाले, आणि अक्काला घेऊन ओळीच्या शेवटी उभे राहिले. "घे बरं आता. वरण थंडं होऊन राह्यलं."

योगेंद्रनं लेन्स चोवीसवर आणली. एक, दोन म्हणून झालं तरी अक्काचं तोंड चालूच होतं. नाना वाकून ऐकत होते, कॅमेऱ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. योगेंद्रनं तेव्हाच बटण दाबलं.

"परत काढ, मनं तोंड उघडं व्हतं," अक्का म्हणाली.

"ते कवा बंद असते?" नाना म्हणाले, आणि ती दोघं जेवायच्या पंगतीकडे गेली.