अण्णांच्या कार्डाचे चार कोपरे

"ताई, तुमचा कागद पापडावानी वळला बघा," म्हणत बेंबळीच्या अप्पांनी कार्ड माझ्या टेबलावर ठेवलं. आदल्या दिवशीच मी ते त्यांना दिलं होतं. आता चारही कोपरे वर आले होते आणि चित्रातल्या दरीच्या हिरव्या रंगात लाल ओघळ उतरले होते. दिवसभराची मेहनत पाण्यात. माझं डोकंच फिरलं.

धाराशिवात मी हाताने ग्रीटिंग कार्ड बनवते. हे कार्ड व्हेलमवर होतं. व्हेलम म्हणजे दुधी काचेसारखा दिसणारा कागद. तो शाई पीत नाही, शाई वरच बसते. स्पंजच्या पॅडनं, हलक्या हातानं गोल फिरवत एक रंग दुसऱ्यात विरवायचा, त्याला ब्लेंडिंग म्हणतात. अप्पांना त्यावर येडशीजवळच्या रामलिंगची दरी हवी होती. लहानपणी ते आणि त्यांचे थोरले भाऊ, अण्णा, तिथं माकडांना फुटाणे टाकायचे.

"काय सांडलं यावर?"

"सांडलं न्हाय. कोपऱ्याला कुंकू लावलं. वलं."

"अप्पा, या कागदाला पाणी चालत नाही! दुसरं करून देते, पण कुंकू लावू नका."

"मग ऱ्हाऊ द्या." अप्पा उठलेच. दारात थांबून म्हणाले, "पोरीच्या लग्नात गडबडीत अण्णाला बिनकुंकवाची पत्रिका गेली. तसं तर दहाव्याचं पत्र धाडत्यात. आठ सालं झाली, बोलत न्हाईत. उद्या पंच्याहत्तरी हाय त्यांची. येडशीला त्यांच्या घरी म्या सोता जाणार हाय."

माझा राग तिथंच गळाला. कुंकू हेच या कार्डाचं मुख्य काम होतं, आणि मी एका शब्दानं विचारलं नव्हतं.

"बसा," मी म्हटलं. "संध्याकाळच्या एसटीला मिळेल."

या वेळी शाई कमी घेतली आणि ब्लेंडिंग व्हेलमच्या मागच्या बाजूनं केलं. समोरून दरी धुक्यातली दिसू लागली, पहिल्यापेक्षा बरी. वाळायला दुपार गेली. मग जाड, खरखरीत हातकागद घेतला, व्हेलमपेक्षा चारी बाजूंनी दोन बोटं मोठा. व्हेलमखालचा गोंद वरून दिसतो, म्हणून व्हेलम त्यावर दोऱ्याच्या टाक्यांनी जोडलं.

"आता कुंकू कडेच्या कागदावर लावा."

अप्पांनी खिशातून कुंकवाची पुडी काढली आणि चिमूटभर कुंकू पाण्यात कालवलं. एक, दोन, तीन, चार. जाड कागदानं ओल पिऊन टाकली. व्हेलम जागचं हललं नाही.

तिसऱ्या दिवशी फोन आला.

"ताई, अण्णांनी कार्ड हातात घेतलं. चित्र बघितलंच न्हाय. आधी चारी कोपरे बघितले."

"मग?"

"म्हणले, जेवल्याबिगर जायचं न्हाय."

मला इतका आनंद झाला, की चित्र न बघितल्याचं वाईट वाटायला संध्याकाळ उजाडली. ऑर्डर घेताना मी रंग आणि मजकूर आजही विचारते, पण त्याआधी विचारते: कार्ड घरी नेल्यावर तुम्ही त्याचं काय करणार?