सगळं आपलंच म्हणणारे काका

जगातला कुठलाही शब्द आमच्या शेजारच्या काकांच्या तावडीत सापडला, की आपण मूळचे संस्कृत असल्याची कबुली दिल्याशिवाय त्याची सुटका नसते. इंग्लंडात मेडनहेडला येऊन त्यांना चाळीस वर्षं झाली, पण थेम्सचं नाव रामायणातल्या तमसा नदीवरून आलं हे ते अजून बसस्टॉपवर अनोळखी गोऱ्यांना पटवत असतात. एकदा तर डेंटिस्टचं यंत्र तोंडात असताना 'डेंटल' म्हणजे आपला 'दंत' हे त्यांनी हातवारे करून सांगितलं होतं.

मला त्यांचा राग आला तो यासाठी नव्हे. राग होता तो गणपतीतल्या एका जेवणाचा. त्यांची सून थाई, पेशाने नर्स. काकू गेल्यापासून दर रविवारी ती नवऱ्याबरोबर बेसिंगस्टोकहून यायची आणि या हेकट म्हाताऱ्यासाठी घरी भाजलेला पाव आणायची. त्या दिवशी पंधरा पाहुण्यांदेखत तिने सांगितलं, की पावाला थाईत 'खनोम पांग' म्हणतात. झालं! काका गरजले, "पंगतीत वाढतात ते पांग! आपलंच आहे." ती हसून म्हणाली, "नो बाबा, पांग पोर्तुगीज. तुमचा पाव पण सेम." पाहुणे खो खो हसले आणि काकांचं डोकं फिरलं. "परक्यांनी आम्हाला शिकवू नये!" ती भरलं ताट सोडून उठली, मागोमाग मुलगाही.

मी दुसऱ्याच दिवशी त्यांना तोंडावर सुनावलं, "पोर्तुगीजांचा पाव चहात बुडवून खाताना परका नाही वाटत? सगळं जग आपलं आणि घरातली पोर तेवढी परकी?" त्यांनी धाडकन दार लावलं. मीही बोलणं टाकलं. सात महिने त्यांच्याकडे कुणी फिरकलं नाही, आणि खरं सांगते, मला त्यांची दया आली नाही.

गेल्या रविवारी बेल वाजली. दारात काका, मान खाली. "थाईत 'माफ कर' कसं म्हणतात गं?"

मी फोनवर शोधलं. "खो थोत. आणि काका, यातला 'थोत' खरंच संस्कृत 'दोष'वरून आलाय."

एरवी या बातमीवर त्यांनी पेढे वाटले असते. "असू दे," ते म्हणाले, "नीट उच्चार सांग. चुकलं तर तिला कळायचं नाही."

मीच त्यांना गाडीने बेसिंगस्टोकला नेलं. वाटभर ते घोकत होते. सुनेने दार उघडलं आणि हा माणूस घोकलेलं सगळं विसरला. नुसते हात जोडून उभे. शेवटी तीच म्हणाली, "बाबा, आत या." मी गाडीतच बसून राहिले. इतके महिने जपलेला राग शोधला, तो सापडेना, आणि त्याचंही जरा वाईटच वाटलं.