माणसाले काय लागते?

आमची वस्ती नावाचीच खुर्सीपार, आमच्या बाईंच्या बालवाडीत खुर्ची एकही नव्हती. तेव्हा शेजारी भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता. तिथला डांबराचा रिकामा ड्रम आडवा टाकून बाई त्यावर बसायच्या आणि हसू आलं की ड्रमसकट डुलायच्या. हसू त्यांना सारखंच यायचं.

एकदा मी मुलीला सोडायला गेले, तर बाई पोरांना विचारत होत्या, "सांगा बरं, माणसाले काय काय लागते?"

त्यांना अन्न, पाणी, घर असली उत्तरं हवी होती.

"भूक लागते!"

"ठेच लागते!"

"प्लांटमधी नोकरी लागते!"

"बाई, मले शू लागली!" ही माझी मुलगी.

बाई अशा हसल्या की ड्रम गडगडत गेला आणि त्या धपकन खाली. पोरांचं हसणं बंद. सगळी धावली. कुणी कोपरावर फुंकर घालतंय, कुणी लुगड्याची धूळ झटकतंय. माझी मुलगी तर रडवेली झाली. "बाई, लागलं का?"

बाईंनी तिला पोटाशी धरलं. "हेच! माणसाले हेच लागते, पोरी. चाल, आता पहिले शूले जाऊ."

"आता नाही लागली," मुलगी म्हणाली.

धावण्याच्या गडबडीत झगा केव्हाच भिजला होता. बाई जमिनीवर बसल्या बसल्या पुन्हा हसायला लागल्या.