जिगला घातलेला हार

हार मीच घातला होता. सगळे हसले, म्हणून बरेच दिवस तो मला विनोदच वाटत राहिला.

वागळे इस्टेटमधल्या आमच्या छोट्या कारखान्यात विजेच्या पॅनेलच्या पेट्या बनतात. मी प्रॉडक्शन बघतो. आमच्यात डोंबिवलीहून येणारी एक इंजिनिअर आहे, वयाने माझ्याहून बरीच लहान, पण कामात मुरलेली. पेटीच्या दारावर खुणा करून भोकं पाडण्यात फार वेळ जायचा. म्हणून तिने एक जिग बनवायचं ठरवलं, म्हणजे दारावर बसवायचा लोखंडी साचा, ज्याने भोकं बरोबर जागेवर पडतील. विचारायला आली तेव्हा मी म्हणालो, "कर बिनधास्त. काही झालं तर मी आहे."

काम चालू असताना जिगची एक पकड ढिली पडली आणि अख्ख्या लॉटची भोकं सरकली. दारं भंगारात गेली. मालकांनी विचारलं, "हे कोणाचं डोकं?" मी हातातली फाइल चाळत राहिलो. ती म्हणाली, "माझं, सर." मी तिच्या शेजारीच उभा होतो.

थोड्याच दिवसांत खंडेनवमी आली. मशिनं पुसली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचे हार घातले. एक हार उरला. ते जिग कोपऱ्यातल्या रॅकवर पडलेलं होतं. मी हार त्याच्यावर चढवला, हात जोडले आणि म्हणालो, "भावपूर्ण श्रद्धांजली."

हशा पिकला. आमचा जुना फिटर म्हणाला, "साहेब, तेरावं कधी?"

"पेढे आलेत ना, उरकून घ्या आजच."

तीही हसली. तिच्या हातात पेढ्यांचा बॉक्स होता, तो घेऊन ती पुढच्या माणसाकडे गेली. मला वाटलं, खेळकरपणे घेतलं तिने.

पुढे त्या जिगला सगळे 'स्वर्गवासी' म्हणायला लागले. फुलं वाळून गळली, दोरा तसाच लटकत राहिला. मीटिंगमध्ये मी विचारायचो, "नवीन काही सुचतंय का कोणाला?" सगळे आपापल्या चहाच्या कपात बघायचे. लोकांना उत्साहच नाही, असं मी घरी बायकोला सांगायचो.

या वर्षी पेट्या नेताना एकमेकींवर घासून रंग उडतो, अशा तक्रारी यायला लागल्या. त्यावर मीटिंग घेतली, कोणी काही बोललं नाही. उठताना मला दिसलं, ती कागदावर काहीतरी काढत होती. उभ्या कप्प्यांची ट्रॉली, प्रत्येक कप्प्याला आतून रबर.

"अगं, हे बोलली का नाहीस मघाशी?"

"नको, सर. उगाच अजून एक हार लागायचा."

ती अजिबात चिडलेली नव्हती. पाऊस आहे, छत्री घ्या, असं सांगावं तशा आवाजात बोलली आणि कागद घडी करून पर्समध्ये टाकला. मला तिथेच माफी मागता आली असती. मी "बरं" म्हणालो आणि जागेवर जाऊन बसलो. हसवलं होतं सगळ्यांसमोर, माफी कोपऱ्यात उरकणं बरं नव्हतं. पण खरं सांगायचं तर तेव्हा माझा धीरच झाला नाही.

खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी टेंभी नाक्यावरच्या गर्दीतून झेंडू आणले. पूजेच्या दिवशी लवकर जाऊन जिगवरचा दोरा काढला, ते पुसलं आणि मशिनांच्या ओळीत ठेवलं. सगळे जमले, मालकही आले.

फिटर म्हणाला, "साहेब, स्वर्गवासी परत आले की काय?"

"थांब जरा," मी म्हणालो. "हे बनवायला मीच परवानगी दिलेली. काही झालं तर मी आहे, असंही म्हणालेलो. मालकांनी विचारलं तेव्हा गप्प राहिलो, आणि वर याची थट्टा केली." मग तिच्याकडे वळलो. "मला माफ कर. ट्रॉली तुला करायची असेल तरच कर. फसली, तर मालकांना उत्तर मी देईन, इथेच, सगळ्यांसमोर."