जाधवबाई आणि छोटा तलाव

जाधवबाई कधी ‘गुड मॉर्निंग’ म्हणाल्या नाहीत. सकाळी मी ऑफिसचं कुलूप काढत असायचो आणि मागून आवाज यायचा, “सर, मोठा ठीक आहे. छोटा फिका आहे. अर्धा तास कुणाला सोडू नका.” माझ्या खांद्यावरची बॅगही अजून उतरलेली नसायची.

बदलापूरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या वॉटर पार्कचा मी मॅनेजर. बाई पाणी तपासायच्या. बाहेर लाटांचा मोठा तलाव आणि घसरगुंड्या, आत उंच शेडखाली लहान मुलांचा छोटा तलाव. दर दोन तासांनी त्या काचेच्या नळीत पाणी घ्यायच्या, औषधाचे थेंब टाकायच्या आणि रंग बघायच्या. पिवळा आला की क्लोरीन पुरेसं. फिका राहिला की तलाव बंद, मग बाहेर चार बसेस उभ्या असोत. “मी बंद केला नाही सर, पाण्याने केलाय,” असं वर मलाच ऐकवायच्या.

अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये त्यांनी वीसेक वर्षं काढली होती. कंपनी बंद पडली आणि त्या आमच्याकडे आल्या. रविवारी कधी सुट्टी मागितली नाही, पण भीमजयंतीला, ऐन सीझनमध्ये, हमखास गैरहजर. मी कुरकुर केली तर म्हणाल्या, “त्या दिवशी मी कुणाचीच नोकर नसते, सर.”

मी त्यांच्यावर इतका वैतागायचो की घरी जेवताना बायको म्हणायची, “आज काय केलं तुमच्या जाधवबाईंनी?”

मे महिन्यातल्या एका रविवारी त्यांनी जे केलं, ते मात्र मी दोन दिवस घरी सांगितलं नाही.

उल्हासनगर कॅम्प चारमधल्या एका सिंधी कुटुंबाने नातवाच्या वाढदिवसासाठी छोटा तलाव दुपारपासून बुक केला होता. फुगे लागले, केक आला, साठ माणसं आली. आणि सकाळी अकरालाच दुसऱ्या एका पाहुण्याच्या बाळाने त्या तलावात शी केली होती. बाईंनी लगेच सगळ्यांना बाहेर काढलं, घाण उपसली, जास्तीचं क्लोरीन टाकलं आणि दोरी बांधली. “आज संध्याकाळपर्यंत नाही.”

“अहो, पाणी स्वच्छ दिसतंय!”

“दिसतंय. झालेलं नाही.”

मालकांचा फोन आला. पार्टी परत गेली तर तुम्हीही जा, एवढंच बोलले. मी बाईंना मोठ्या तलावाकडे पाठवलं आणि दोरी सोडली. पाहुण्यांना म्हणालो, “सफाई चल रही थी, हो गई.” मुलं कपडे बदलायला पळाली.

पाच मिनिटांत शेडमधून घळघळ आवाज आला. धावत गेलो. बाई तळाचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडून त्याच्या शेजारी उभ्या होत्या. तलावाचं पाणी खाली चाललं होतं आणि काठावर चड्डी घातलेली वीस पोरं रडत होती.

मी काय काय बोललो ते लिहायची लाज वाटते. वाढदिवसाच्या मुलाची आजी तेवढ्यात काठी टेकत पुढे आली. तिने मला हाताने गप्प केलं आणि बाईंना विचारलं, “तू बोल बेटी. पानी में क्या हुआ था?”

“एक बच्चे ने शी किया था, दादी. दवा डाली है, पर दवा को टाइम लगता है. बच्चे लोग पानी पी जाते हैं.”

आजीने माझ्याकडे पाहिलं. “और ये बोला सफाई हो गई.” मग घरच्यांकडे वळून म्हणाली, “चलो, केक बाहर काटेंगे.”

केक बाहेर कापला गेला, पार्टी परत गेली नाही, पण मालकांना ते पुरेसं नव्हतं. त्यांना बाईंचा लेखी माफीनामा हवा होता. तो मीच लिहिला. बाईंनी शांतपणे वाचला, माझ्या पेनने ‘गैरसमजातून’ हा शब्द खोडला आणि सही न करता परत दिला. “समजून केलंय, सर.” डबा उचलून त्या गेल्या. मी थांबवू शकलो असतो. थांबवलं नाही. उलट सुटल्यासारखं वाटलं, हेही खरं.

त्यानंतर दुसरं माणूस टिकेना, म्हणून तपासणी माझ्याकडेच आली. दिवाळीच्या सुट्टीत एका सकाळी तिकिटाच्या रांगेत जाधवबाई दिसल्या. नात बरोबर होती, स्विमिंगचा चष्मा घरूनच लावून आलेली.

“सर, छोट्याचं सकाळचं बघितलंत?”

बघितलं नव्हतं. फराळाच्या गडबडीत राहून गेलं होतं. हो म्हणालो असतो तर माझ्या शब्दावर त्यांनी तिकीट काढलं असतं, असं आजही वाटतं. मी नळी आणली आणि त्यांच्यासमोर थेंब टाकले. रंग आला, पण फिका.

मागे रांग वाढत होती. मी स्वतः जाऊन दोरी बांधली. पुढचा पाऊण तास लोकांनी मला मराठीत, हिंदीत आणि सिंधीत जे ऐकवलं, ते बाई नातीला घेऊन बाकावर बसून शांतपणे ऐकत होत्या. मदतीला एक शब्द नाही! मी घामाघूम होऊन पुन्हा तपासलं. पिवळं आलं. त्या उठल्या, नातीचा चष्मा नीट केला, तिला पायऱ्यांपाशी नेऊन पाण्यात सोडलं.

मग माझ्याजवळ आल्या. वाटलं, आता तरी काहीतरी बरं बोलतील.

“सर, औषधाची बाटली तिरकी धरता तुम्ही. थेंब लहान-मोठे पडतात. सरळ धरत जा.”