कपावर आडवा चमचा

सकाळचा चहा संपला की मी रिकाम्या कपावर चमचा आडवा ठेवतो. ही सवय इस्तंबूलची.

तिथल्या बाजारात एका म्हाताऱ्या गालिचेवाल्याने मला बसवून चहा दिला होता. पुढ्यातलं टाकायचं नाही, या घरच्या शिकवणीने मी ग्लास संपवला. त्याने लगेच भरला. मी पुन्हा संपवला, त्याने पुन्हा भरला. सहाव्या ग्लासाला माझा चेहरा बघून तो हसला आणि बशीतला चमचा उचलून माझ्या ग्लासावर आडवा ठेवला. मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "असं केलं की पुरे."

त्या शहरातले घुमट आठवायला आता मला फोटो काढून बसावं लागतं. चमचा मात्र हातात राहिला. लांबचा देश आपल्याबरोबर घरी येतो तो एवढाच, हाताच्या एखाद्या हालचालीपुरता, आणि तेवढा पुरतो.

परवा कोल्हापूरला आत्याकडे गेलो. मुद्दाम चमचा मागून घेतला, दुसऱ्या कपानंतर ऐटीत आडवा ठेवला आणि तिला त्याचा अर्थही सांगितला.

"चांगली पद्धत आहे की," आत्या म्हणाली. तिने चमचा उचलला, कप काठोकाठ भरला आणि चमचा होता तसा परत वर ठेवला.